कॉम्प्रेसर बदलायच्या आधी एकदा पंखा बघा

विचारणारे गृहस्थ विश्रामबागचे. त्यांची गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, २०२० साली जुनी घेतलेली. एप्रिलच्या सुरुवातीला एसीचा गॅस भरला, तीन आठवडे छान गार हवा आली, आता पुन्हा कोमट. सांगलीत सिग्नलला थांबलं की नुसती वाफ येते. पेठ नाक्यावरून हायवेला लागलं की बरं वाटतं, आणि पुण्याहून परतताना खंबाटकी चढायला लागली की पुन्हा गरम. दर महिन्याला आईला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं आणि त्यांना उकाडा सोसत नाही. मेकॅनिकनं कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) गेलाय म्हणून अठरा हजारांचा खर्च सांगितलाय. बदलू का, असा त्यांचा प्रश्न.

आत्ता लगेच बदलू नका. कॉम्प्रेसर गेलाच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण तो गेलाय हे अजून कुणी तपासून दाखवलेलं नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दोन वेगवेगळे बिघाड दिसतात आणि त्या दोन्हींत कॉम्प्रेसरचा हात असेलच असं नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. गाडीच्या एसीत हलणारे रबरी होज असतात, कॉम्प्रेसरच्या दांड्याला सील असतं, त्यामुळे वर्षागणिक थोडा गॅस झिरपतो, ते मान्य. पण तीन आठवड्यांत गार हवा बंद होण्याइतका गेला, तर ते झिरपणं नव्हे, गळती आहे. गळती न शोधता पुन्हा भरलेला गॅसही तीन आठवड्यांत जाणार.

माझ्या वडिलांच्या पिढीनं विहिरीवर मोट चालवली, म्हणून शिकाऊ पोरांना मी मोटेवरूनच सांगतो. गाडीतली उष्णता म्हणजे विहिरीतलं पाणी. गॅस म्हणजे मोट. कॉम्प्रेसर म्हणजे बैल. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर म्हणजे थारोळं, जिथं मोट रिकामी होते. मोट फाटकी असेल, बैल थकले असतील किंवा थारोळं तुंबलं असेल, शेताला पाणी कमी येतं ते तिन्ही वेळा सारखंच. शेताच्या बांधावर उभं राहून कारण कळत नाही, त्यासाठी विहिरीपर्यंत जावं लागतं. तुमच्या मेकॅनिकनं बांधावरूनच बैल विकायला सांगितलेत, एवढंच माझं म्हणणं.

आता तपास. "उभी गाडी गरम, धावती गाडी गार" हे लक्षण ऐकलं की बरेच जण घाई करतात. गाडी धावते तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलतात: कंडेन्सरवर वारा लागतो आणि इंजिनचे फेरे वाढतात. गार होण्याचं श्रेय कुणाचं, वाऱ्याचं की फेऱ्यांचं? हे दोन वेगळे केले की निम्मं निदान घरच्या अंगणात होतं.

दुपारी गाडी मोकळ्या जागेत उभी करा. अंगणात चालेल, बंद गॅरेजमध्ये नको. न्यूट्रल, हँडब्रेक, बोनेट उघडं. एसी चालू, तापमानाचं बटण पूर्ण निळ्याकडे, हवा आतल्या आत फिरणारी, ब्लोअर दोनवर, काचा बंद. मधल्या जाळीत एक साधं थर्मामीटर खुपसा, स्वयंपाकघरातलं किंवा मत्स्यपेटीचं चालेल, तापाचं नको. दहा मिनिटं तशीच चालू द्या आणि आकडा लिहा. मग घरातल्या कुणाला तरी ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिनचे फेरे मिनिटाला दोन हजारांवर धरायला सांगा, तीन-चार मिनिटांनी पुन्हा आकडा लिहा. मग इंजिन पुन्हा आयडलला आणा आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बागेच्या पाइपनं हलकं पाणी सोडा. धार मारू नका, नुसतं भिजवा. दोन मिनिटांत तिसरा आकडा लिहा.

पाणी पडताच हवा गार झाली, तर तुमचं थारोळं तुंबलंय. म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही, कंडेन्सरवर वारा ओढणारा पंखा किंवा कंडेन्सर बघायचा. पाण्यानं फारसा फरक नाही पण फेरे वाढवल्यावर गार झाली, तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर अशक्त आहे, आणि या दोघांतला फरक गॅसच्या दाबाचं मीटर लावल्याशिवाय कळत नाही. दोन्हींनी थोडी थोडी सुधारली, तर दोन्ही बिघाड आहेत. तुमच्याकडे हेच निघेल असा माझा अंदाज आहे.

हे चालू असतानाच पंखा बघा. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत एसी लावला की लगेच किंवा मिनिटाभरात पुढचा पंखा फिरायला हवा. नुसता फिरतो का एवढं बघून थांबू नका. वहीचा एक कागद बाहेरून कंडेन्सरसमोर धरा. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो. गळून पडला तर पंख्यात जोर नाही. बाहेर उडाला तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्यामुळे उलटा फिरणारा पंखा मी एकदा नाही, अनेकदा पाहिलाय. हायवेला गाडीचा वारा त्याच्यावर मात करतो म्हणून गार वाटतं, आणि मालक बिचारा गॅस भरत राहतो.

पंखा फिरतच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येतो. तरीही नाही, तर मेकॅनिककडून मोटरला बॅटरीचा थेट सप्लाय देऊन बघा. थेट सप्लायवर फिरला तर दोष वायरिंगमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरमध्ये. थेट सप्लायवरही नाही, पण लाकडी दांड्यानं मोटरला हलकं ठोकल्यावर सुरू झाला, तर ब्रश संपलेत. मोटर बदलायची. हात मात्र लांब ठेवा, हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

तुम्ही गाडी २०२० साली जुनी घेतली असं लिहिलंय. ती सांगलीतच घेतली असेल, तर एक शंका मनात येते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आपल्याकडच्या किती गाड्या पाण्यात बसल्या ते तुम्हीही पाहिलंय. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून विकल्या गेल्या. अशा गाड्यांचं इंजिन बरं निघतं, पण पंख्याची मोटर, कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचचं बेअरिंग आणि खालच्या बाजूचे कनेक्टर दोन-चार वर्षांनी एकेक करून बोलायला लागतात. कनेक्टर उघडला की आत हिरवा थर दिसतो. तसा कनेक्टर थंड असताना करंट सोडतो आणि तापला की सोडत नाही. स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत सुकलेला गाळ आहे का बघा, सीटच्या रुळांच्या बोल्टांवर गंज आहे का बघा. गाळ सापडला तर पंख्याची सगळी वायर सोलून तपासून घ्या, नुसता रिले बदलून समाधान मानू नका.

पंखा ठणठणीत असेल तर कंडेन्सरची स्वच्छता. आपल्या भागात हंगाम सुरू झाला की ऊसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचा भुसा, धूळ, संध्याकाळी नदीकाठचे किडे, सगळं त्या जाळीत जातं. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि फसवतो. खरी घाण असते कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत, तिथं घोंगडीसारखा थर जमतो. वरचे क्लिप सोडून रेडिएटर किंचित मागे घेतला की तो दिसतो. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं, म्हणजे घाण आली तशी परत जाते. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारलात तर पातळ पंख दुमडतात आणि कंडेन्सर कायमचा आंधळा होतो.

खंबाटकीचं थोडं वेगळं आहे. चढाला गाडीचा वेग कमी, इंजिनवर भार जास्त, त्यामुळे पंखा मेला असेल तर तिथं तो उघडा पडणारच. पण बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनला ताकद मिळावी म्हणून कंप्युटर स्वतःच काही सेकंद कॉम्प्रेसर बंद करतो, आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापलं तर इंजिन थंड होईपर्यंत बंदच ठेवतो. पुढच्या खेपेला घाटात तापमानाच्या काट्यावर किंवा दिव्यावर लक्ष ठेवा. काटा वर सरकत असेल तर एसी बाजूला राहू द्या. आधी कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटर. त्या गाडीत आई बसलेल्या असतात, घाटात इंजिन उकळून रस्त्याच्या कडेला उभं राहण्याची वेळ येऊ देऊ नका.

आता गळती. पंखा आणि गळती हे दोन बिघाड मी वेगळे म्हटले, तरी ते एकमेकांचे सख्खे असू शकतात. पंखा बंद असताना एसी चालला की कॉम्प्रेसरपुढच्या, कंडेन्सरच्या बाजूचा दाब भराभर चढतो. प्रेशर स्विच एका मर्यादेला कॉम्प्रेसर तोडतो, पण तोपर्यंत जोडांतल्या दहा वर्षांच्या जुन्या रबरी ओ-रिंगा आणि सील तो दाब रोज सोसत असतात आणि कधीतरी सुटतात. म्हणून पंखा दुरुस्त केल्याशिवाय गॅस भरू नका. उलट क्रमानं केलंत तर तेच पुन्हा होईल.

गळती शोधायला सगळ्यात जुनी आणि अजूनही चांगली खूण म्हणजे तेलकट धूळ. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, गॅस जिथून जातो तिथं तेलाचा ओशट डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. नळ्यांचे जोड, कंडेन्सरचे खालचे कोपरे, कॉम्प्रेसरची पुढची पुली आणि जिथं मीटर लावतात त्या दोन पिना, एवढं टॉर्च घेऊन बघा. पिनांवर प्लास्टिकची टोपणं असतात, ती हरवली तर कुणाला काही वाटत नाही. ती फक्त धुळीसाठी नसतात, आत छोटी रबरी चकती असते आणि पिन थोडी झिरपली तर टोपणच गॅस धरून ठेवतं.

डाग दिसला नाही तर गॅस रिकामा करून नायट्रोजन भरायचा, दाब धरून ठेवायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा. नायट्रोजनच. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरून तपासणारे लोक आहेत, त्यांना नाही म्हणा. त्या हवेत ओल असते, आणि एसीचं तेल ओल अशी शोषतं की नंतर पंपानं आतली हवा ओढून कितीही व्हॅक्यूम मारला तरी ती सहज निघत नाही. ओल राहिली की ती कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात गोठते आणि गार हवा येते-जाते, येते-जाते असं सुरू होतं.

डॅशबोर्डच्या आतल्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलची गळती शेवटी तपासावी, कारण ती काढायला अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गाडीखाली पाणी ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी गॅस डिटेक्टर धरला तर उतरवण्याआधी अंदाज येतो.

मीटर लावतील तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा. इंजिन बंद असताना मीटर लावून "बघा, गॅस भरपूर आहे" असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. तुमच्या गाडीतला आर-१३४ए गॅस ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय (दाब मोजायचं माप) दाखवतो, मग आत पाव किलो असो की अर्धा. द्रवरूपात थोडा जरी शिल्लक असेल तरी दाब तोच. त्या आकड्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. मात्र याच गोष्टीचा दुसरा उपयोग आहे. गॅसचा डबा रात्रभर खोलीत ठेवून सकाळी दाब मोजला आणि तो त्या तापमानाच्या तक्त्याशी जुळला नाही, तर डब्यात भेसळ आहे. स्वस्त डब्यांत स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे ज्वालाग्राही वायू मिसळलेले असू शकतात. असा गॅस गाडीत, माणसांच्या पुढ्यात भरायचा नसतो.

खरं बोलतो ते इंजिन चालू असतानाचं मीटर. आपल्या ३५ अंशांच्या दुपारी, दीड हजार फेऱ्यांवर, निळा काटा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा कमी दाब) ३० ते ४५ आणि लाल काटा (कंडेन्सरच्या बाजूचा जास्त दाब) २०० ते २५० पीएसआयच्या आसपास असेल तर तब्येत ठीक. दोन्ही काटे खाली, म्हणजे गॅस कमी. दोन्ही वर, म्हणजे पंखा, कंडेन्सर, जादा गॅस किंवा आत शिरलेली हवा. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे दोघे एकमेकांकडे सरकलेत, समजा ७० आणि १२०, आणि फेरे वाढवूनही तिथंच बसलेत, तर मात्र कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. तुमच्या मेकॅनिककडे असे आकडे असतील तर मी माझे शब्द मागे घेईन. आणि तसं असेल तर कॉम्प्रेसर काढल्यावर आतलं तेल पांढऱ्या कापडावर ओतायला सांगा. काळं, चकाकत्या भुकटीचं तेल निघालं तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. ती भुकटी कंडेन्सरच्या केसासारख्या नळ्यांत अडकते, धुऊन निघत नाही, आणि नवा कॉम्प्रेसर महिन्या-दोन महिन्यांत खाते. कंडेन्सर, गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर, एक्स्पान्शन वॉल्व्ह सगळं बदलावं लागतं. अठरा हजारांत हे धरलंय का, तेही विचारा.

आणखी एक सोंग घेणारा बिघाड आहे. पहिला अर्धा तास गार, मग गरम, आणि गाडी थोडी थंड झाली की पुन्हा गार. यात कॉम्प्रेसर बरा असतो, त्याच्या क्लचची फट झिजून वाढलेली असते. क्लचचं तापलेलं विजेचं कॉइल तेवढ्या फटीतून क्लचचा पत्रा ओढू शकत नाही. ती फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असायला हवी. आतली एक पातळ चकती काढली की काम होतं. एवढ्यासाठी कॉम्प्रेसर बदललेले लोक मला माहीत आहेत.

कॉम्प्रेसर बदलण्याच्या घाईबद्दल मी इतकं का लिहितोय, त्यामागे एक गोष्ट आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मिरजेच्या एका शिक्षकांच्या गाडीचा कॉम्प्रेसर मी स्वतः बदलला. मीटर जरा कमी दाखवत होतं, मी ठरवून टाकलं. नवा बसवला तरी हवा कोमटच. मग शांत डोक्यानं नळ्यांना हात लावला. कूलिंग कॉइलमधून परत येणारी जाड नळी बर्फासारखी गार, घाम फुटलेली. म्हणजे एसी आपलं काम करत होता. हिटरचा फ्लॅप आत अर्धा उघडा अडकला होता आणि गार झालेली हवा हिटरवरून तापून बाहेर येत होती. हिटरकडे जाणारा पाण्याचा पाइप चिमट्यानं दाबला, पाच मिनिटांत गाडी गार. मी त्यांचे मजुरीचे पैसे परत केले, पण कॉम्प्रेसरचे पैसे त्यांचे गेलेच. ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. तेव्हापासून जाड नळीला हात लावल्याशिवाय मी मीटर उचलत नाही. तुम्हीही लावून बघा, पण पातळ नळीला लावू नका, ती चटका देते.

केबिन फिल्टरचं एका ओळीत: ब्लोअर चारवर असूनही वारा हलका येत असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर काढून बघा, आपल्याकडे तो सहा महिन्यांत मातीचा होतो, आणि शेताजवळ गाडी लावत असाल तर उंदरानं घरटंही केलेलं असतं.

सगळं सापडलं, दुरुस्त झालं, की गॅस भरण्याची पद्धत. सिस्टिम उघडली असेल तर ड्रायर नवा, ओ-रिंगा नव्या, मग किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, आणि पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघणं. इथं एक गोष्ट पुस्तकी माणसांना गोंधळात टाकते. व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९-३० इंचांवर गेला पाहिजे असं शिकवतात, ते समुद्रकाठी खरं. आपण उंचावर आहोत, इथं हवेचा दाबच कमी. सांगलीत पूर्ण व्हॅक्यूमला काटा २८च्या आसपास थांबतो, साताऱ्यात साडेसत्तावीसच्या खाली, महाबळेश्वरला तर पंचविसाच्या जरा पुढे. काटा २८वर थांबला म्हणून पंप खराब म्हणू नये, आणि साताऱ्यात कुणी ३० दाखवला तर त्याचं मीटर तपासावं.

गॅस वजनावर भरायचा, काट्याच्या अंदाजानं किंवा "डबा संपेपर्यंत" नव्हे. बोनेटखालच्या पट्टीवर तुमच्या गाडीसाठी किती ग्रॅम आणि कुठलं तेल ते छापलेलं असतं. लहान गाडीत एकूण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम मावतात, तिथं शंभर ग्रॅम जास्त झाले तरी दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो. गॅसबरोबर गेलेलं तेलही भरून द्यायला सांगा. आणि आत उरलेला गॅस हवेत सोडू देऊ नका, मशीननं काढून घेणारं गॅरेज निवडा. हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त प्रभावी आहे. आपण एसी लावतो तो उन्हाळा वाढलाय म्हणून, तर त्यात आपल्या हातानं भर नको.

म्हणून क्रम असा धरा: उद्या अंगणात थर्मामीटर आणि पाण्याची तपासणी, मग पंखा, मग फटीतली सफाई, मग गळती, आणि शेवटी गॅस. आईंना घेऊन पुढच्या वेळी निघण्याआधी पंखा तरी झालेला असू द्या, तेवढ्यानं घाट सुसह्य होईल. गॅस भरून झाला की तारीख, किती ग्रॅम, आणि मीटरचे दोन्ही आकडे एका कागदावर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या उन्हाळ्यात त्या आकड्यांशी ताडून बघितलं की गॅस गेलाय की नाही ते पहिल्या पाच मिनिटांत कळेल.